जिन्यातले बूट आणि ‘एकदा बघायला हरकत नाही’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिनेमे भरपूर बघता, पण बघून झाल्यावर चार ओळी लिहायला बसलात की ‘कथा छान, अभिनय उत्तम, संगीत ठीक, एकदा बघायला हरकत नाही’ एवढंच हाती लागतं. परीक्षण लिहायचं नाहीये, सहज मत सांगायचंय. त्यात स्पॉयलरची, म्हणजे पुढचं आधीच फोडून टाकण्याची, धास्ती, आणि अर्ध्यात सोडलेल्या सिनेमावर बोलावं की नाही ही शंका. जाता जाता हेही लिहिलंत की परवा पाहिलेल्या एका थरारपटातलं एवढंच डोक्यात राहिलंय की नायिका जिन्यात बसून बूट काढते आणि मग अनवाणी वर जाते. ‘पण त्यावर काय लिहिणार?’

या शेवटच्या वाक्यावर नंतर येतो.

मी गेली वीसेक वर्षं पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक सिनेमाबद्दल काही ना काही खरडत आलोय. सुरुवातीची मतं आज वाचवत नाहीत. त्यातली बरीचशी बरोबरच आहेत, पण कुठलं मत कुठल्या सिनेमाचं हे मलाच ओळखू येत नाही. ‘पूर्वार्ध वेगवान, उत्तरार्ध रेंगाळतो’ हे वाक्य मी एका वर्षात अकरा सिनेमांना चिकटवलंय. मोजलंय मी. त्यातल्या दोन सिनेमांना मध्यंतरच नव्हतं.

आता मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: ज्याची आवड माझ्या बरोब्बर उलट आहे, त्याला माझ्या चार ओळींतून काही मिळेल का? ‘टुकार आहे’ म्हटलं तर त्याला कळतं की मी वैतागलो. सिनेमाबद्दल काहीच कळत नाही.

उदाहरण देतो. माझ्या एका मित्राने ‘परफेक्ट डेज’ पाहिला आणि चिडून म्हणाला, ‘‘दोन तास एक माणूस सार्वजनिक संडास धुतो. कॅसेट लावतो, झाडाकडे बघतो, झोपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता काहीतरी होईल, आता काहीतरी होईल म्हणून मी शेवटपर्यंत बसलो!’’ मी त्याच रात्री सिनेमा लावला. विम वेंडर्सचा हा २०२३चा सिनेमा. दिग्दर्शक जर्मन, गोष्ट टोकियोतली, आणि ऑस्करसाठी तो पाठवला जपानने. मुख्य भूमिकेतल्या कोजी याकुशोंना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. यातलं अवाक्षर मित्राने सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी जागचा हललो नसतो. मला ओढून नेलं ते ‘दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच’ने. तो माणूस छोटासा आरसा धरून भांड्याची खालची, कुणालाही न दिसणारी बाजू तपासतो. मध्येच कुणी वापरायला आलं तर निमूट बाहेर येतो आणि ते जाईपर्यंत वर पानांतून झिरपणारा उजेड बघत उभा राहतो. मला सिनेमा अतिशय आवडला. मित्राला तो अजून आवडत नाही. पण त्याची ती शिवी मी वाचलेल्या सगळ्या कौतुकांपेक्षा कामाची निघाली, कारण त्याने काय पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं.

तेव्हा आवडलं-नावडलं ही घाई करू नका. आधी काय दिसलं ते सांगा.

आता तुम्ही म्हणाल, मला कॅमेरा-लेन्समधलं काही कळत नाही. कळायची गरज नाही. मागच्या महिन्यात मावशीबरोबर ‘१२ अँग्री मेन’ पुन्हा पाहिला. सिडनी लूमेटचा हा पहिलाच सिनेमा, १९५७चा. जेमतेम ९६ मिनिटं, आणि जवळजवळ सगळा एका खोलीत. निकाल द्यायला बसवलेली बारा साधी माणसं, म्हणजे ज्यूरी, खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाच्या खटल्यावर वाद घालतात, बस. मावशीला सिनेमाच्या तंत्राचं सोयरसुतक नाही. संपल्यावर ती म्हणाली, ‘‘शेवटी शेवटी मला कोंडल्यासारखं झालं गं बाई. ते छत डोक्यावर येतंय की काय असं वाटायला लागलं.’’

लूमेटनी नंतर स्वतः लिहून ठेवलंय की पहिला तिसरा हिस्सा त्यांनी डोळ्यांच्या पातळीच्या वरून चित्रित केला, मधला पातळीवरून, आणि शेवटचा खालून. त्यामुळे शेवटाकडे छत दिसायला लागतं. जोडीला लेन्सही टप्प्याटप्प्याने बदलत नेल्या, म्हणजे भिंती माणसांच्या जवळ सरकल्यासारख्या वाटाव्यात. खोली तेवढीच राहते आणि तरी लहान होत जाते. मावशीने यातलं काही वाचलेलं नाही. तिने फक्त स्वतःला काय झालं ते सांगितलं, आणि दिग्दर्शकाला जे करायचं होतं त्यावर नेमकं बोट ठेवलं. ‘छायाचित्रण उत्तम’ असं ती म्हणाली असती तर ‘हो ना’ म्हणून मी चहा टाकायला उठलो असतो. (याच कथेवरचा बासू चॅटर्जींचा १९८६चा ‘एक रुका हुआ फ़ैसला’ तिला जास्त आवडतो. त्यावर आमचं भांडण चालू आहे, ते वेगळं.)

‘अभिनय छान’चंही तेच. कुठे छान? एखादा क्षण सांगा. यात एक गंमत आहे. शंभरेक वर्षांपूर्वी कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला आळीपाळीने सूपची ताटली, शवपेटी वगैरे दृश्यं जोडून दाखवली. सांगतात की लोकांना त्या एकाच चेहऱ्यात भूक दिसली, दुःख दिसलं, आणि त्यांनी नटाची तारीफ केली. म्हणजे ज्याला आपण अभिनय म्हणतो त्यातलं बरंचसं काम संकलकाच्या टेबलावर झालेलं असू शकतं. यावरून कुणी नटांना कमी लेखू नये. पण ‘बातमी ऐकल्यावर ती आधी गॅस बंद करते आणि मग रडते, तिथे मी खलास’ असं लिहिलंत तर श्रेय लेखिकेचं, नटीचं की संकलकाचं या फंदात पडावंच लागत नाही. ज्याचं त्याला पोचतं.

दुसरी गोष्ट, आणि ही मी तोंडावर आपटून शिकलोय: सिनेमा कसा पाहिलात ते सांगत चला. नवा टीव्ही घेतला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एका भव्य युद्धपटाची यथेच्छ पिसं काढली होती. ‘सेट पुठ्ठ्याचे वाटतात, सगळं दुपारच्या मालिकेसारखं दिसतं, एवढा पैसा गेला कुठे?’ चांगले दोन परिच्छेद. चार दिवसांनी भाचा आला, दोन मिनिटं टीव्हीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘मामा, हे मोशन स्मूदिंग चालू ठेवलंयस?’’

सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ चित्रं या वेगाने चित्रित होतो. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. मधली जागा भरायला टीव्ही स्वतःच्या अकलेने दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र बनवून घुसडतो. क्रिकेटला हे बरं दिसतं. सिनेमाला मात्र तो गुळगुळीत, स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेल्या मालिकेसारखा तोंडवळा येतो, म्हणूनच याला ‘सोप ऑपेरा इफेक्ट’ म्हणतात. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ काढून हे बंद करा म्हणून लोकांना विनवलं होतं, आणि २०१९मध्ये टीव्हींसाठी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला तो याच कटकटीवर उपाय म्हणून. भाच्याने सेटिंग बंद केलं, तोच प्रसंग पुन्हा लावला. पुठ्ठ्याचा किल्ला दगडाचा झाला. ते दोन परिच्छेद मी काढून टाकले नाहीत, खाली खुलासा जोडला. अधूनमधून कुणीतरी अजून चिडवतं.

‘संवाद ऐकूच येत नाहीत, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं’ ही तक्रार लिहिण्याआधीही एकदा तपासा. ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर अशा मांडणीत, संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरसाठी मिसळलेले असतात. आपल्याकडे दोनच स्पीकर असले की सगळं त्या दोनांत कोंबलं जातं आणि संवाद दबू शकतात. कधी कधी दोष खरंच सिनेमाचा असतो, पण ‘लॅपटॉपवर पाहिला’ एवढे दोन शब्द जोडलेत की वाचणारा आपलं आपण गणित मांडतो. तेच झोपेचं. ‘रात्री साडेअकराला लावला, मधली वीस मिनिटं डुलकी लागली’ हे मत म्हणून पूर्णपणे ग्राह्य आहे. डुलकी लपवून ‘पटकथेत सलगता नाही’ म्हणणं, हे मात्र पाप.

तारे आणि टक्के यांच्याबद्दल मी फार बोलत नाही. फक्त एक लक्षात असू द्या. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर ९० टक्के दिसले म्हणजे सिनेमाला १००पैकी ९० गुण पडले असं नव्हे. १०० समीक्षकांपैकी ९० जणांचं मत अनुकूल होतं, एवढाच त्याचा अर्थ. नव्वदच्या नव्वद जणांना तो ‘बरा’ वाटला असेल तरी आकडा तोच. उलट ज्याच्यावरून लोकांची डोकी फुटतात असा सिनेमा पंचावन्नवर अडकतो, आणि मला बहुधा तोच बघायचा असतो.

स्पॉयलर. इथे दोन टोकं आहेत. एका टोकाला नायकाचं नाव सांगितलं तरी ‘अरे सांगू नकोस’ म्हणून कानावर हात ठेवणारी मंडळी, दुसऱ्या टोकाला ‘सिनेमा येऊन महिना झाला, आता कसला स्पॉयलर’ म्हणणारी. माझा हिशोब असा की घटना झाकायची आणि वागणूक सांगायची. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ घ्या. २०१४मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका लोकशाहिरावर खटला भरलाय: त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली म्हणे. निकालाबद्दल मी काही बोलणार नाही. पण हे सांगू शकतो की कॅमेरा लांब, एका जागी ठाण मांडून बसतो, आणि माणसं बोलून निघून गेली तरी तो लगेच उठत नाही. हे सांगू शकतो की एका बाईची सुनावणी ती बिनबाह्यांचं घालून आली म्हणून पुढे ढकलली जाते, आणि न्यायाधीश हे अजिबात आवाज न चढवता करतात. हे सांगू शकतो की सरकारी वकीलबाई कामावरून घरी जाऊन स्वयंपाक करतात, आणि मला त्यांचा राग धरता आला नाही. शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. माझ्याबरोबरचे दोघं चपला शोधायला लागले. मी म्हटलं, बसा, संपलेला नाही. पुढे काय येतं ते तुम्हीच बघा. एवढं सांगून तुमची मजा गेली असं मला वाटत नाही. उलट आता तुम्ही चपला घालणार नाही.

मात्र रहस्यपटात ‘शेवटचा धक्का जबरदस्त’ असं लिहिणं मला स्पॉयलरच वाटतं. धक्का आहे हे कळलं की माणूस पहिल्या मिनिटापासून प्रत्येकाकडे संशयाने बघायला लागतो. त्यापेक्षा ‘संपल्यावर सुरुवातीची दहा मिनिटं पुन्हा लावली’ असं लिहा. समजायचं ते समजतं, आणि चेहऱ्यावर बोट ठेवलं जात नाही.

अर्ध्यात सोडलेल्या सिनेमावर खुशाल बोला. फक्त कुठे सोडलात ते सांगा. ‘चाळिसाव्या मिनिटाला, तिसऱ्यांदा पावसात गाणं सुरू झालं तेव्हा बंद केला’ ही भरपूर माहिती आहे. ‘फॉरवर्ड करत पाहिला’ हेही चालेल, पण मग गतीबद्दल मत देऊ नका. गती तुम्ही हातात घेतली होतीत.

आणि मत बदललं तर बदललं म्हणा. विशीत मला जे सिनेमे डोक्यावरून गेले होते, त्यातले काही आता थेट छातीत लागतात. सिनेमा तोच आहे, मधल्या काळात घरातली दोन माणसं गेलीत.

आता जिन्यातले बूट. तुम्ही विचारता, त्यावर काय लिहिणार? अहो, तुमचं लिहून झालंय! थरारपट आहे, ती बाई वर जातेय, आवाज होऊ नये म्हणून बूट काढतेय. पण घाईत काढत नाही, बसून काढते. म्हणजे तिला वर काय आहे याचा अंदाज आहे, किंवा तिथे जाणं अजून एक मिनिट टाळायचंय. हे माझ्या डोक्यात तुमच्या एका ओळीवरून आलं, मी सिनेमा पाहिलेलाही नाही. तिने बूट तिथेच ठेवले की हातात घेतले? परत खाली आली तेव्हा ते जागेवर होते का? तिथून सुरुवात करा, ‘कथा छान’ खोडून टाका.

आणि हो, एवढं सगळं लिहिलंत, पण सिनेमाचं नाव सांगायचं राहिलं. मला तो बघायचाय.