ब्रूमची विमानं: ओहोटीची वेळ नाही, उंची विचारा

जुलैच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून ब्रूमला जाताय, आईंना आणि मुलाला तिथल्या रोबक बे या खाडीतली दुसऱ्या महायुद्धातली बुडालेली विमानं दाखवायचीत, आणि तिथल्या कुणीतरी ‘ओहोटी दुपारी साडेबाराला आहे, तेव्हा जा’ असं सांगितलंय. तुम्ही लिहिलेलं हे वाचून पोटात खड्डा पडला. मलाही अगदी हेच सांगितलं होतं.

विमानतळ, हॉटेल वगैरे तुम्ही बघालच. मी फक्त ओहोटीबद्दल लिहिते, कारण माझी पहिली फेरी तिच्यामुळेच वाया गेली.

मी माहिती देणाऱ्या एका कार्यालयाला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच: ‘पावणेबाराला ओहोटी.’ पाणी किती खाली जाईल, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सव्वाअकराला टाउन बीचवर पोचलो तर समोर नुसतं पाणी. तास-दीड तास वाट पाहिली, काही उघडं पडलं नाही. तीन दिवस राहिलो, तिन्ही दिवस तेच. परत फोन केला तर ‘ओहोटी तर झाली ना’ म्हणाले. एवढ्या लांब येणाऱ्या माणसाला एक आकडा जास्त सांगायला काय लागतं? याचा राग मला अजून आहे.

माझं आजोळ मालवणचं. आजोबांनी आधी तिथी विचारली असती. आम्ही गेलो ती अष्टमी होती, म्हणजे भांगाचे दिवस. भांगात पाणी ना धड चढत ना धड उतरत. ही विमानं दिसतात ती उधाणात, अमावस्या-पौर्णिमेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तीही पाणी भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे ०.८५ मीटरच्या खाली गेलं तरच. ब्रूमला भरती-ओहोटीतला फरक ९ मीटरपेक्षाही जास्त होतो, त्यामुळे ‘ओहोटी’ या एका शब्दाला तिथे काही अर्थ नाही. आणखी एक खूण: उधाणातली खालची ओहोटी तिथे साधारण सकाळी लवकर किंवा संध्याकाळी येते. कुणी भर दुपारची वेळ सांगितली तर समजा भांग आहे. तुमचं साडेबारा म्हणूनच मला खटकलं.

खालच्या ओहोटीच्या तासभर आधी निघा. चिखलातून एक किलोमीटरभर चालायचं आहे. जुने बूट घाला, अनवाणी अजिबात नको. पाणी तळाला पोचलं की लगेच मागे फिरा. तिथे पाणी फार वेगाने भरतं, आणि फोटोंच्या नादात लोक हेच विसरतात. (मी काही गाइड नाही, तीनदा गेलेली एक प्रवासी आहे. भरतीचं अधिकृत वेळापत्रक स्वतः बघा आणि निघण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. मगरींचंही विचारा.)

मुलाला आधी गोष्ट सांगा, नाहीतर त्याला नुसतं गंजलेलं इंजिन दिसेल. ३ मार्च १९४२ च्या सकाळी तिमोरहून आलेल्या जपानी ‘झिरो’ लढाऊ विमानांनी हल्ला केला. खाडीत १५ फ्लाइंग बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, नांगरलेल्या होत्या, डॉर्निए आणि कॅटालिना जातीच्या डच, शिवाय ब्रिटिश आणि अमेरिकन. जावाहून निसटलेल्या डच बायकामुलांतली बरीचशी विमानांतच थांबली होती. गावात जागा नव्हती, आणि उतरून किनाऱ्यावर जाणं पाण्याच्या पातळीवर अवलंबून होतं. पौर्णिमेचे दिवस, म्हणजे उधाणच. विमानं जळाली, पेट्रोल पाण्यावर पसरून पेटलं. किमान ८० माणसं गेली.

त्यांत आपले वैमानिक मनमोहन सिंग होते (पंतप्रधान झाले ते नव्हेत). १९३० साली इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने विमान उडवायच्या ज्या स्पर्धेत जेआरडी टाटा आणि एस्पी इंजिनियर उतरले होते, त्याच स्पर्धेतले. ब्रिटिश हवाईदलात कॅटालिना चालवत होते आणि ब्रूमला मारले गेले. ऑस्ट्रेलियात इतकी वर्षं राहणाऱ्या आपल्या किती लोकांना हे नाव माहीत आहे? तिथे उभी राहिले तेव्हा मला हेच सारखं टोचत होतं. निदान तुमच्या मुलाला तरी सांगा.

म्हणून कशाला हात लावू नका, वर चढू नका, पत्र्याचा तुकडासुद्धा उचलू नका. अवशेष कायद्याने संरक्षित आहेतच, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. दुसऱ्या फेरीत एक माणूस पंखावर चढून फोटो काढत होता, त्याच्याशी मी भांडले आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

आईंना चिखलात चालवत नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. होवरक्राफ्टच्या (चिखलावरून आणि पाण्यावरून तरंगत जाणाऱ्या वाहनाच्या) सहली असायच्या, पण त्याही पाणी बघूनच निघायच्या, तेव्हा आता चालू आहेत का ते आधी विचारून घ्या. नाहीतर त्यांना ब्रूमच्या संग्रहालयात न्या, फ्लाइंग बोटींची माहिती तिथे छान आहे. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर संध्याकाळी टाउन बीचवरून चंद्र उगवताना चिखलावर उजेडाच्या पायऱ्या उमटतात, त्या आईंना बसल्या जागी दिसतील.

तिकिटं बदलता येत असतील तर तुमच्या तारखा इथे लिहा. तिथी आणि पाण्याची उंची मी आज रात्रीच बघून सांगते.