अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही

प्रश्न : नमस्कार ताई. तुम्ही याच क्षेत्रात आहात आणि नव्या मुलांना शिकवता, म्हणून विचारते. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईजवळच्या गावात राहते. बारावी सायन्सनंतर इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा, म्हणजे अँब्युलन्समध्ये पेशंटला सांभाळणाऱ्यांचा, बेसिक कोर्स केला. आता सर्टिफिकेट हातात आहे. १०८ च्या अँब्युलन्स सेवेसाठी चौकशी केली तर पदवी विचारतात, खाजगी हॉस्पिटलात गेले तर अनुभव विचारतात. एक खाजगी अँब्युलन्सवाले ये म्हणतात, पण ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करायला सांगतात आणि पगाराचं ‘मागाहून बघू’. आईला नाइट ड्युटी नको आहे. पपा म्हणतात, सरकारी जागा निघेपर्यंत घरी थांब. थांबू का मिळेल ते धरू?

उत्तर : थांबू नकोस, आणि मिळेल ते धरूही नकोस. कुठलंही काम समोर आलं की दोन गोष्टी विचार. इथे रोज माझा हात पेशंटला लागणार का? आणि माझ्यापेक्षा जास्त येणारं कोणी शेजारी उभं असणार का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर पगार थोडा कमी असला तरी जा. कोर्समध्ये शिकलेलं हातातून फार लवकर जातं. घरी सहा महिने बसलेली मुलगी मुलाखतीला आली की बीपीचा पट्टा बांधतानाच ते दिसतं.

म्हणून ‘अँब्युलन्स’ हा शब्द असलेल्याच जाहिराती बघू नकोस. फोंडा, म्हापसा, मडगाव इथल्या खाजगी हॉस्पिटलांच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, असिस्टंट लागतात. हुद्द्याचं नाव काहीही असो, काम बघ. दिवसभर बीपी, साखर, ईसीजी, ड्रेसिंग, स्ट्रेचरवर घेणं-उतरवणं हे सगळं तुझ्या हातून झालं, तर वर्षभरात तुला ‘अनुभव किती’ म्हणून कोणी परत पाठवणार नाही. ईसीजीवर तर खास लक्ष दे. गोव्यात हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी जी योजना चालते, तिच्यात गावाकडच्या आरोग्य केंद्रातला ईसीजी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजशी जोडलेला असतो. लीड, म्हणजे ईसीजीच्या तारा, चुकीच्या जागी चिकटवल्या तर पुढचा सगळा निर्णय चुकू शकतो. बाईमाणसाच्या छातीवर लीड लावायला मुलगी असली तर पेशंटचा जीव अर्धा शांत होतो, हे मी रोज बघते.

कारखाने विसरू नकोस. ५०० हून जास्त कामगार असतील तिथे अँब्युलन्स रूम, म्हणजे उपचाराची खोली, ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. वेर्णा, कुंडई, थिवी इथल्या वसाहतींत जाऊन एचआरकडे अर्ज देऊन ये. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचं कामही आहे, पण त्याला पोहणं पक्कं लागतं. सत्तरीतली तू, नदीत पोहत असशील तर विचार कर.

आता १०८. ही सेवा गोव्यात २००८ पासून आहे. सरकारसाठी ती कराराने एक संस्था चालवते, तेव्हा तिथली नोकरी ही सरकारी नोकरी नव्हे, हे पपांनाही सांग. पदवी मागतात तेव्हा सहसा बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी असं काही हवं असतं. शिवाय २०२१ चा केंद्राचा कायदा आला आहे. त्यात आपल्या क्षेत्रातल्या तंत्रज्ञांची नोंदणी धरली आहे, आणि त्यासाठी किमान २,००० तासांचा, दोन वर्षांहून कमी नसलेला डिप्लोमा किंवा पदवी लागते. काही महिन्यांचा बेसिक कोर्स त्यात बसत नाही. म्हणून आत्ता काम धर आणि दोनएक वर्षांत डिप्लोमाचं मनात ठेव. तीस वर्षांची झाल्यावर हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

मुलाखतीचं मात्र मी जरा लांबण लावून सांगते, कारण मुलं तिथेच मागे पडतात. आता मी नव्या मुलांना शिकवते आणि त्यांच्या निवडीलाही बसते. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून श्वास देणं, सगळ्यांना तोंडपाठ असतो : ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. ते ऐकून घेते आणि कोपऱ्यातल्या ऑक्सिजन सिलिंडरकडे बोट दाखवते. बी टाइप आहे. भरलेला असला की काटा १५० वर, आत साधारण १,५०० लिटर. आज काटा ७५ वर आहे. पेशंटला मिनिटाला १० लिटर चालू आहे. वाळपईहून बांबोळीपर्यंत पुरेल का?

हिशेबाने ७५० लिटर, म्हणजे ७५ मिनिटं. रस्ता तासाभराचा. बरीच मुलं लगेच ‘पुरेल’ म्हणतात. पण उसगावला ट्रक आडवा असला तर? फोंड्यात मिरवणूक निघाली असली तर? बांबोळीला पोचल्यावर स्ट्रेचर आत जाईपर्यंतचा वेळ कोण धरणार? आणि सिलिंडर पार रिकामा होईपर्यंत कोणी वापरत नाही. बरोबर उत्तर एकच : निघण्याआधी सिलिंडर बदलायचा, किंवा दुसरा भरलेला सोबत आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. त्यानंतर मी विचारते, सिलिंडर उघडायची चावी कुठे आहे? ज्या मुलीने चावी सिलिंडरच्या गळ्याला दोरीने बांधलेली आहे का हे आधीच बघितलेलं असतं, तिचं नाव मी लिहून घेते. ड्युटी सुरू होताना गाडी तपासणारा हात मला हवा असतो. घशातली घाण ओढणारं सक्शन चालतं का, अ‍ॅम्बू बॅगला (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मास्क बसतो का, लहान मुलाचा मास्क आहे का. ही सवय घरी बसून लागत नाही.

दुसरी गोष्ट हँडओव्हर, म्हणजे पेशंट ताब्यात देताना डॉक्टरला सांगायची माहिती. कॅज्युअल्टीचा डॉक्टर तुला अर्ध्या मिनिटाहून जास्त देणार नाही. आरशासमोर उभी राहून मोठ्याने म्हण : ‘पुरुष, अंदाजे पंचावन्न. सकाळी नऊला छातीत दुखायला लागलं, डाव्या हातात कळ, घाम. बीपी नव्वद वर साठ, नाडी एकशेदहा. ऑक्सिजन एक्क्याण्णव होता, मास्क लावल्यावर शहाण्णव. अ‍ॅस्पिरिन नऊ चाळीसला आरोग्य केंद्रात दिली. डायबेटिस आहे, अ‍ॅलर्जी नाही.’ संपलं. नातेवाईक काय म्हणाले, गाडी कुठे अडली, ते मागाहून. हेच हिंदीत आणि इंग्रजीत जमव. पेशंटला मात्र त्याच्याच भाषेत विचार. ‘खंय दुखता?’ म्हटल्यावर म्हातारा माणूस जे सांगतो, ते तो हिंदीत सांगत नाही. बांधकामावरच्या कामगारांसाठी कानडीतली चार वाक्यं पाठ कर.

त्या खाजगी अँब्युलन्सवाल्यांना ओरिजिनल देऊ नकोस. दाखव, झेरॉक्स दे, ओरिजिनल पिशवीत परत. नेमणुकीचं पत्र, पगाराचा आकडा, पीएफ आणि ईएसआयचं काय, हे कागदावर माग. पेशंट मागे असताना तुला पुढे बसवतात का, अडचण आली तर कुठल्या डॉक्टरला फोन करायचा, तेही विचार. सुरुवातीला मी अशा एका ठिकाणी होते, नाव घेत नाही. गाडीत मॉनिटर होता, त्याची केबल नव्हती. नातेवाईक त्या काळ्या पडद्याकडे आशेने बघत बसायचे. ते मला अजून सहन होत नाही. असलं काम अनुभव म्हणून मोजू नकोस.

आईची काळजी रास्त आहे, पण नाइट टाळून या क्षेत्रात राहता येणार नाही. बारा तासांची ड्युटी सर्रास असते. रात्री बाळंतीण घेऊन जाताना गाडीत बाई असणं किती मोलाचं, हे आईला तुझ्याआधी कळेल. तिला घाबरवणारी गोष्ट बहुधा येण्याजाण्याची असेल. कदंबची शेवटची बस कधी, पिकअप आहे का, फोंड्याला मावशी-आत्याकडे राहता येईल का, याचं उत्तर घेऊन तिच्यासमोर बस.

पपांचंही ऐक, फक्त थांबू नकोस. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढ, मामलेदाराकडून १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला घेऊन ठेव. जागा निघाली की दाखल्यासाठी धावाधाव नको. सरकारी जागेला कोंकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम, असा नियम असतो. तुला दोन्ही येतात.

आणि हेपॅटायटिस बीची लस याच आठवड्यात सुरू कर. तीन डोस : आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. सुई टोचल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

प्रश्न : मी दोडामार्गचा, गोव्याच्या हद्दीला लागून पण महाराष्ट्रातला. हाच कोर्स केला आहे. आमच्याकडचे पेशंट बांबोळीलाच जातात, तर मला गोव्यात काम मिळेल का?

उत्तर : खाजगीत मिळेल, अडचण नाही. सरकारी जागेला १५ वर्षांच्या रहिवासाची अट आड येईल, त्यावर आशा लावून बसू नका. दोडामार्गाहून म्हापसा-डिचोली रोज करता येण्याजोगं आहे, तिथून सुरुवात करा. दोन्हीकडचे रस्ते आणि दोन्हीकडची आरोग्य केंद्रं तुम्हाला माहीत आहेत, हे अर्जात पहिल्या ओळीत लिहा. रात्री दोन वाजता गाडी कुठून वळवायची हे ठाऊक असलेला माणूस आम्हाला लागतो.