आबे फारिया आधीचे, मग मान वुंट यांना का?

प्रश्न : पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूंनी १८१३ सालीच पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले होते. तरीही प्रायोगिक मानसशास्त्राचा आरंभ १८७९ साली जर्मनीत झाला असे पाठ्यपुस्तकांत का शिकवतात? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : खरी गोम ‘प्रयोग’ या शब्दात आहे. आपण नाटकाचाही प्रयोग म्हणतो आणि प्रयोगशाळेतलाही. फारियांचे प्रयोग बरेचसे पहिल्या जातीचे होते. त्यांचा विचार मात्र काळाच्या पुढचा होता. संमोहनातली झोप, त्या काळी समजत तशी, कोणत्याही अदृश्य चुंबकीय द्रवामुळे येत नसून तिचे कारण झोपणाऱ्याच्याच मनात असते, हे त्यांनी ठामपणे मांडले. परंतु झोप खरी की सोंग, हे ठरवण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली, अशी हकीकत सांगितली जाते.

जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली सुरू केलेल्या प्रयोगशाळेत सोंगाला फारसा वाव नव्हता. तिथे माणसाला खुर्चीवर बसवून, दिवा दिसताच कळ दाबायला सांगत आणि मधला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या घड्याळावर मोजत. मग तांबडा दिवा दिसला तर उजव्या हाताने आणि पांढरा दिसला तर डाव्या हाताने कळ दाबायची, अशी अट घालत. साहजिकच वेळ वाढे, आणि त्यातून पहिला वेळ वजा केला की रंग ओळखून हात निवडायला मनाला किती अवधी लागला ते कळे. ही वजाबाकी मुळात नेदरलँड्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डाँडर्स यांची, १८६८ सालची. त्याआधी १८६० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फेश्नर यांनी संवेदनांच्या मोजमापावर ग्रंथ लिहिला होता. तेव्हा १८७९ हे साल, माझ्या मते, सोयीसाठी मानलेले आहे.

वुंट यांचे श्रेय निराळेच आहे : त्यांनी या कामाला स्वतंत्र जागा, उपकरणे, नियतकालिक आणि मुख्य म्हणजे विद्यार्थी मिळवून दिले. त्यांचे शिष्य म्युन्स्टरबर्ग पुढे हार्वर्डला गेले. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांकडे १९१६ साली कलकत्ता विद्यापीठातील नव्या मानसशास्त्र विभागाची सूत्रे आली. फारियांचे मात्र १८१९ साली पॅरिसमध्येच निधन झाले, आणि त्यांचे काम चालवणारी अशी शिष्यपरंपरा मागे राहिली नाही.