गरम बेअरिंग आणि काळे पडणारे ग्रीस

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात बॉयलरमधील धूर बाहेर ओढणाऱ्या आयडी फॅनचे पंख्याकडील बेअरिंग गळीत हंगामात १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. त्यातले लिथियम ग्रीस लवकर काळे पडून वाळते. फिटर प्रत्येक पाळीला ग्रीसगनने भरपूर ग्रीस भरतात, तरी फरक पडत नाही. विक्रेते २६० अंश ड्रॉपिंग पॉइंटचे महागडे ग्रीस सुचवतात. ते घ्यावे काय?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पुढे कदाचित घ्यावे लागेल, पण सुरुवात तेथून करू नये. ज्या तापमानाला ग्रीस पातळ होऊन त्याचा थेंब गळू लागतो, तो ड्रॉपिंग पॉइंट. साध्या लिथियम ग्रीसचाही तो १९० अंशांच्या आसपास असतो. आपले ग्रीस गळत नसून वाळत आहे, म्हणजेच त्यातील तेलाचे ऑक्सिडीकरण होत आहे आणि ते ग्रीस किती काळ सोसेल, हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. बेअरिंगच्या क्षेत्रातील रूढ ठोकताळा असा की, ७० अंशांच्या वर दर १५ अंशांमागे ग्रीसचे आयुष्य निम्मे होते. आपल्याकडे ते चौथाईवर आले आहे. बेअरिंग ८५ अंशांवर आणता आले, तर आहे तेच ग्रीस दुप्पट टिकेल.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक पाळीला ग्रीस भरणे थांबवावे. हाउसिंग (बेअरिंगभोवतीचे घर) गच्च भरले की रोलर ते ग्रीस सतत घुसळत राहतात आणि त्या घुसळण्यानेच उष्णता वाढते. तापमान वाढले म्हणून फिटर आणखी ग्रीस भरतो आणि हे चक्र चालूच राहते. हाउसिंगमधील मोकळी जागा साधारण एक तृतीयांश ते निम्मी भरलेली पुरे. पुनर्भरणासाठी बेअरिंगचा बाहेरील व्यास आणि रुंदी यांचा मिलिमीटरमधील गुणाकार करून त्याला ०.००५ ने गुणावे, म्हणजे ग्रॅम मिळतात. २२२२० क्रमांकाच्या बेअरिंगला (व्यास १८०, रुंदी ४६) हे सुमारे ४१ ग्रॅम होतात. आपल्या ग्रीसगनच्या एका दाबात किती ग्रॅम बाहेर पडते, हे तराजूवर एकदा मोजून फिटरला दाबांची संख्याच सांगावी. ग्रीस भरल्यावर तापमान काही तास वाढून उतरले पाहिजे. न उतरल्यास ग्रीस जास्त झाले आहे, असे समजावे.

यानंतर उष्णता येते कोठून, ते पाहावे. केवळ पंख्याकडील बेअरिंग तापत असेल, तर ती बहुधा गरम धूरवायूतून शाफ्टमार्गे येत असते. अशा वेळी शाफ्टवर बेअरिंग आणि पंख्याचे आवरण यांच्यामध्ये थंड करणारी चकती आणि उष्णतारोधक पत्रा बसवणे हा कोणत्याही ग्रीसपेक्षा टिकाऊ उपाय आहे. मोटरकडील बेअरिंगही तापत असेल, तर अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंख्याचे शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते तपासावे. बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेतील वाळूने इंपेलरची, म्हणजे पंख्याच्या फिरत्या चाकाची, पाती झिजून तोल गेला आहे का, तेही पाहावे. शाफ्ट हाउसिंगपेक्षा गरम राहत असल्याने अशा ठिकाणी सी३ क्लिअरन्सचे, म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक असलेले, बेअरिंग असावे लागते, आणि वाढणाऱ्या शाफ्टला लांबीच्या दिशेने सरकता यावे म्हणून दोनपैकी एक बेअरिंग मोकळे ठेवावे लागते.

एवढे करूनही तापमान न उतरल्यास लिथियम कॉम्प्लेक्स किंवा पॉलियुरिया ग्रीस घ्यावे. मात्र विक्रेत्याला ड्रॉपिंग पॉइंटऐवजी त्यातील मूळ तेल कोणते आणि किती व्हिस्कॉसिटीचे (दाटपणाचे), हे विचारावे. वेगवेगळ्या प्रकारची ग्रीसे पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे बदल ऑफ सीझनमध्ये हाउसिंग धुऊनच करावा.

प्रश्न : पावडर कोटिंगच्या २०० अंशांच्या भट्टीतील साखळीला आम्ही इंजिन ऑइल लावतो. त्याचे डांबर होते. काय करावे?
– एक लघुउद्योजक, नाशिक

उत्तर : या तापमानाला खनिज तेलाचा बराचसा भाग उडून जातो आणि उरलेला कडक थर साखळीला जखडतो. आधी तो थर काढावा, कारण त्यावरून ओतलेले तेल पिनपर्यंत पोहोचतच नाही. मग एस्टरवर आधारित कृत्रिम चेन ऑइल, साखळी भट्टीबाहेर येऊन निवल्यावर, दुव्यांच्या फटीत थोडे थोडे पण नियमित सोडावे. सिलिकोनचे तेल उष्णता चांगले सोसत असले, तरी आपल्या कामात ते टाळावे, कारण त्याचा अंशही रंगाच्या थरावर खड्डे पाडतो.