ब्रिटनमधील स्काउट गट आणि पालकांचा वाटा : रेडिंगला येणाऱ्या कुटुंबासाठी

ऑगस्टमध्ये आपले कुटुंब नाशिकहून रेडिंगला येत आहे, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा दहाचा आहे, आणि इथल्या स्काउट गटात मुलांना प्रवेश कसा मिळतो, तिथे नेमके काय चालते आणि पालकांकडून किती अपेक्षा असते, असे आपण विचारले आहे. माझी दोन्ही मुले याच भागातील एका गटात वाढली आणि मीही तिथे मदतीला जाते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आपल्याकडचा स्काउट-गाइडचा अनुभव मनात ठेवून इथल्या गटाकडे पाहिले, तर पहिले काही महिने गोंधळ होतो. महाराष्ट्रात आपण पाहिलेले स्काउटिंग बहुतेक शाळेचे असते. त्याची जबाबदारी एखाद्या शिक्षकाकडे असते, गणवेशाचा वार वेळापत्रकात ठरलेला असतो, 'खरी कमाई'ची कार्डे शाळेतूनच मिळतात, आणि पालकाने स्कार्फ विकत आणून दिला की त्याचे काम संपते. ब्रिटनमध्ये स्काउट गटाचा शाळेशी सहसा काही संबंध नसतो. प्रत्येक गट ही त्या वस्तीतली एक स्वतंत्र धर्मादाय संस्था असते आणि तिच्याकडे बहुधा स्वतःचा छोटा हॉल किंवा भाड्याने घेतलेला चर्चचा हॉल असतो. आठवड्यातून एका संध्याकाळी तिथे मुले जमतात आणि त्यांच्यासाठी झटणारी मोठी माणसे दिवसभराची नोकरी उरकून विनामोबदला आलेली असतात. गटात किती मुले घेता येतील हे हॉलच्या आकारापेक्षा किती प्रौढ माणसे आपली संध्याकाळ देतात यावर ठरते, आणि बाकीच्या बहुतेक गोष्टी याच एका वस्तुस्थितीतून निघतात.

वयोगटांची रचना अशी आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्विरल्स' हा विभाग २०२१ मध्ये सुरू झाला, पण तो सर्व गटांत नाही. सहा ते आठ 'बीव्हर्स', आठ ते साडेदहा 'कब्ज', साडेदहा ते चौदा 'स्काउट्स', आणि त्यापुढे अठरापर्यंत 'एक्स्प्लोरर्स', जे सहसा एका गटाचे नसून संपूर्ण डिस्ट्रिक्टचे, म्हणजे आसपासच्या अनेक गटांचे मिळून असतात. मुलींना सर्व विभाग खुले आहेत. १९९१ पासून गटांना मुली घेण्याची मुभा मिळाली आणि २००७ पासून ते सर्वांवर बंधनकारक झाले, त्यामुळे आपली दोन्ही मुले एकाच गटात जाऊ शकतात. फक्त मुलींची 'गर्लगाइडिंग' ही वेगळी संस्था आहे, आणि तिथे सात ते दहा वर्षांच्या मुली 'ब्राउनीज' असतात. मुलीला मुलींमध्येच राहणे आवडत असेल, तर तोही चांगला पर्याय आहे.

आपल्या मुलाचे वय थोडे अडचणीचे आहे. कब्जमध्ये त्याला जेमतेम काही महिने मिळतील, म्हणून त्याच्यासाठी थेट स्काउट्सच्या यादीत नाव देता येईल का, हे गटाला मोकळेपणाने विचारावे. सीमारेषेवरच्या वयात गट थोडी लवचीकता दाखवतात. मुलीसाठी बीव्हर्समध्ये वर्षभर मिळाले तरी पुढे कब्जमध्ये जाणे सोपे होते, कारण गटातल्या मुलांना वरच्या विभागात सहसा प्राधान्य असते.

प्रतीक्षायादी हा खरा प्रश्न आहे. अनेक गटांत ती लांब असते आणि काही पालक मूल अगदी लहान असतानाच नाव नोंदवतात. त्यामुळे रेडिंगमध्ये घर ठरण्याची वाट पाहू नये. कोणत्या भागात राहण्याचा विचार आहे हे कळताच तिथला पोस्टकोड स्काउट्सच्या संकेतस्थळावर घालून जवळचे गट शोधावेत आणि दोन-तीन गटांना नाशिकहूनच लिहावे. गटांची नावे क्रमांकाने सुरू होतात, पण त्या क्रमांकावरून गट चांगला की वाईट हे ठरत नाही. तो गट त्या भागात कितवा स्थापन झाला, एवढेच त्यातून कळते. नियमित मदत करणाऱ्या पालकांच्या मुलांना बरेच गट यादीत पुढे घेतात. आपल्याकडच्या काही मंडळींना हा वशिला वाटतो. मला तसे वाटत नाही, कारण एक प्रौढ वाढला की त्याच्या मुलाबरोबर यादीतल्या आणखी चार-पाच मुलांना जागा होते.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. बीव्हर्सची सभा साधारण तासाभराची असते, कब्जची दीड तासाची, आणि स्काउट्सची दोन तासांपर्यंत. शाळेच्या सुट्टीत सभा नसतात. कब्जची सभा 'ग्रँड हाउल'ने सुरू होते. मुले गोलात उकिडवी बसून आरोळी देतात, झेंडा उघडला जातो आणि मग कामाला सुरुवात होते. प्रमुखाला मुले 'अकेला' म्हणतात, मदतनीस बालू, बघीरा असतात. ही नावे किपलिंगच्या 'जंगल बुक'मधून आली आणि त्या गोष्टीतले सिओनीचे रान म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेचे शिवनी, हे मी तिथे एकदा नकाशावर दाखवले, तेव्हा मुलांपेक्षा अकेलालाच जास्त आश्चर्य वाटले. मुले सहाच्या आसपास संख्येच्या 'सिक्स'मध्ये विभागलेली असतात आणि प्रत्येक सिक्सला एक 'सिक्सर' असतो. स्काउट्समध्ये हेच 'पॅट्रोल' होते, आणि तिथे पॅट्रोल लीडरवर खरी जबाबदारी टाकली जाते.

कार्यक्रम सत्राच्या सुरुवातीलाच ठरलेला असतो. गाठी मारणे, होकायंत्र आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा नकाशा वाचणे, प्रथमोपचार, चाकू सुरक्षितपणे वापरून लाकूड तासणे, विस्तव पेटवणे, अग्निशमन केंद्राला भेट, कनू ही अरुंद नाव वल्हवणे, आणि मधूनच एखादी नुसती धिंगाण्याच्या खेळांची संध्याकाळ. डिसेंबरच्या काळोखात आणि पावसात मुलांना टॉर्च घेऊन रानात नेतात. पहिल्या हिवाळ्यात आपल्याला ते क्रूर वाटेल, मुलांना वाटत नाही. बाहेर जाताना मुलांमागे प्रौढांचे किमान प्रमाण ठरलेले आहे. बीव्हर्समध्ये सहा मुलांमागे एक, कब्जमध्ये आठांमागे एक, स्काउट्समध्ये बारांमागे एक, आणि त्याखेरीज उपक्रमाचा प्रमुख वेगळा. ऐनवेळी एक पालक आला नाही, तर सहल रद्द होते. ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, पण सर्वांच्या लक्षात राहते.

पालकांचा सहभाग अनेक पायऱ्यांवर असतो आणि त्यातली कोणती आपल्याला झेपते हे आपणच ठरवायचे असते. पहिली पायरी म्हणजे पाळीपत्रक, ज्यात सत्रातून एखाद-दुसऱ्या संध्याकाळी थांबून कात्री-गोंद वाटणे, चहाचे कप धुणे, रस्ता ओलांडताना मुलांच्या मागे राहणे अशी कामे येतात. नियमित मदत करायची असेल किंवा मुक्कामाच्या शिबिरात रात्री राहायचे असेल, तर इंग्लंडमध्ये डीबीएस ही गुन्हेगारी नोंदींची तपासणी करून घ्यावी लागते. स्वयंसेवकांसाठी ती मोफत असते. तिच्यासाठी गेल्या पाच वर्षांचे सर्व पत्ते तारखांसह द्यावे लागतात, म्हणून नाशिकचे आणि त्याआधीचे पत्ते, पिनकोड आणि राहिल्याचे महिने आत्ताच एका कागदावर लिहून ठेवावेत. बालसुरक्षेचे नियम एका पिवळ्या कार्डावर छापून प्रत्येक प्रौढाला दिलेले असतात. दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकट्याने राहायचे नाही, हा त्यातला मुख्य नियम. पावसात कुणाचे मूल आपल्या गाडीतून एकट्याने घरी सोडणे आपल्याकडे शेजारधर्म असते, इथे तसे करण्याआधी त्याच्या पालकांशी आणि लीडरशी, म्हणजे विभागाच्या प्रौढ प्रमुखाशी, बोलावे लागते. यात आपल्यावर अविश्वास दाखवला असे समजू नये, कारण तोच नियम तीस वर्षे काम करणाऱ्या अकेलालाही लागू आहे.

मुलांशी बोलायला संकोच वाटत असेल, इंग्रजी उच्चारांची धास्ती असेल किंवा संध्याकाळची वेळ जमत नसेल, तर विश्वस्त मंडळ हा मार्ग आहे. अध्यक्ष, खजिनदार आणि काही सदस्य मिळून गटाचा हिशेब, हॉलची डागडुजी, विमा, निधी हे सगळे पाहतात. आपल्याकडची हिशेबात तरबेज मंडळी या शहरात पुष्कळ आहेत, आणि चांगला खजिनदार मिळाला की गट त्याला सहजासहजी सोडत नाही. पालक म्हणून आपण गटाच्या परिषदेचे आपोआप सदस्य असता, त्यामुळे वार्षिक सभेला जाण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्या सभेला उपस्थिती किरकोळ असते. जे चार लोक येतात त्यांनाच पदे मिळतात, हे माहीत असून जावे.

निधीसाठी जुन्या वस्तूंची विक्री, प्रश्नमंजूषेची रात्र, शाळेच्या जत्रेत बर्गरचा स्टॉल असे उद्योग चालतात. काही ठिकाणी डिसेंबरमध्ये स्काउट्स वस्तीतली ख्रिसमसची कार्डे घरोघर पोहोचवतात आणि टपालखात्यापेक्षा पुष्कळ कमी पैसे घेतात. वस्तीतली माणसे ओळखीची करून घेण्यासाठी याहून चांगले काम मला सापडलेले नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची नावे मला त्या कार्डांच्या थप्पीवरूनच कळली.

आता वचनाविषयी, कारण आपण धर्माबद्दल आडून विचारले आहे. सभा चर्चच्या हॉलमध्ये असली तरी बहुतेक गट कोणत्याही पंथाचे नसतात. मूल काही आठवडे रमले की त्याचा समारंभपूर्वक प्रवेश होतो, त्याला गटाच्या रंगाचा स्कार्फ मिळतो आणि ते वचन घेते. नेहमीच्या वचनात देवाचा आणि कब्जपासून पुढे राजाचाही उल्लेख असतो. हिंदू मुलांना 'गॉड'च्या जागी 'माय धर्मा' असे म्हणता येते, देव न मानणाऱ्यांसाठी २०१४ पासून वेगळे वचन आहे, आणि ब्रिटिश नागरिक नसलेल्या मुलांना राजाऐवजी 'मी सध्या राहत असलेला देश' असे म्हणता येते. मुलाबरोबर बसून काय म्हणायचे ते ठरवावे आणि लीडरला आधी सांगावे. प्रवेशसमारंभाला आजी-आजोबा भेटीला आलेले असतील तर त्यांनाही न्यावे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी हुतात्म्यांच्या स्मरणार्थ संचलन होते आणि ते अनेकदा चर्चमध्ये संपते. आत जायचे की बाहेर थांबायचे, हे आपल्यावर असते.

शिबिरांत शाकाहाराची अडचण आता फारशी येत नाही, फक्त शेकोटीवर भाजायच्या मार्शमेलोमध्ये सहसा प्राणिजन्य जिलेटिन असते. आपल्या मुलांसाठी शाकाहारी पाकीट बरोबर द्यावे, आणि थोडे जास्तच द्यावे. आहार, ॲलर्जी आणि औषधे यांची माहिती बऱ्याच गटांत 'ऑनलाइन स्काउट मॅनेजर' या प्रणालीवर पालकांनीच भरायची असते. कार्यक्रम, बिल्ले आणि पैसे भरणेही तिथेच चालते. भाड्याचे घर बदलून दुसऱ्या भागात गेलात, तर नवा गट तीच प्रणाली वापरत असल्यास मुलाची नोंद तिकडे पाठवता येते. जागा मात्र नव्याने मागावी लागते.

खर्च फार नसतो. वर्गणी मासिक किंवा सत्राची असते आणि तिचा काही भाग डिस्ट्रिक्ट, काउंटी व मध्यवर्ती संस्थेकडे जातो. शिबिरांचे पैसे वेगळे. तुम्ही इथे आयकर भरू लागलात की 'गिफ्ट एड'च्या अर्जावर सही करावी, म्हणजे प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून गटाला मिळतात आणि तुम्हाला जास्त काही द्यावे लागत नाही. पहिल्या महिन्यांत हात आखडता असेल तर लीडरला खासगीत सांगावे, गट सवलत देतात आणि त्याची वाच्यता करत नाहीत. गणवेश नवा घेऊ नये. बऱ्याच गटांत लहान झालेल्या कपड्यांची पेटी असते. स्लीपिंग बॅग भारतातून आणण्यात सामानाचे वजन वाया घालवू नका, त्यापेक्षा चांगले पावसाळी बूट इथेच घ्या. बिल्ले शिवायला सुई-दोरा मात्र लागतो, आणि ते काम रात्री अकराला आठवते.

गटाला पत्र लिहिताना मुलांची नावे, जन्मतारखा, येण्याचा महिना आणि अपेक्षित पोस्टकोड द्यावा, आणि शेवटी एक ओळ अशी लिहावी की आपल्यापैकी एक जण महिन्यातून एक संध्याकाळ देऊ शकेल, कोणत्या वारी ते नोकरीची वेळ कळल्यावर सांगू. उत्तराला दोन-तीन आठवडे लागू शकतात, कारण पत्र वाचणारी व्यक्ती तेही घरचे सगळे आवरल्यावर वाचते. ऑगस्टमध्ये सभा बंद असतात, तेव्हा जूनमध्ये लिहिणे उत्तम, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा आठवण करावी.