अमेरिकन फुटबॉलमधल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचे जुने चाहते त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांच्या एका हरलेल्या सामन्याबद्दल इतकं अभिमानाने का बोलतात?

कारण त्या सामन्यात ते बरोबरीसाठी खेळले नाहीत.

२ जानेवारी १९८४, मायामीतला ऑरेंज बोल हा मोसमअखेरचा मोठा सामना, समोर मायामी विद्यापीठाचा संघ. नेब्रास्का विद्यापीठाचा संघ मोसमभर अपराजित. त्यांचा हुकमी धावपटू माइक रोझियर घोटा दुखावल्यामुळे बाहेर बसलेला. त्याच्या जागी आलेल्या जेफ स्मिथने ४८ सेकंद उरले असताना टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेला, आणि गुणफलक झाला मायामी ३१, नेब्रास्का ३०. आता साधी किक मारली की एक गुण, ३१-३१. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता. बरोबरी झाली असती तरी राष्ट्रीय विजेतेपद बहुधा नेब्रास्कालाच मिळालं असतं. ऑस्बर्न यांनी मात्र किकऐवजी चेंडू पुन्हा रेषेपार नेऊन दोन गुण मिळवण्याचा डाव लावला. नेब्रास्काच्या टर्नर गिलने स्मिथकडे पास फेकला, मायामीच्या केनी कॅल्हूनची बोटं चेंडूला लागली आणि सगळं संपलं.

मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. जिंकायला आलो तर जिंकायचाच प्रयत्न करायचा!

पुढे १९९४, १९९५ आणि १९९७ ची विजेतेपदं त्यांनी मिळवलीच. २५ मोसमांत २५५ विजय, फक्त ४९ पराभव. त्यांच्या संघातल्या टॉमी फ्रेझियरची फ्लोरिडाविरुद्धची ७५ यार्डांची धाव जरूर बघा. एकामागून एक खेळाडू त्याला धरतात, तो सुटत जातो आणि शेवटी समोर फक्त मोकळं मैदान उरतं.