पाळकसाहेब, माझी प्रार्थना बंद पडलीय

चर्चमधली रविवारची उपासना आटोपली, लोक पांगले, तरी त्या ताई मागच्या बाकावर बसूनच होत्या. मी तिथला पाळक, म्हणजे धर्मगुरू. जवळ गेलो तेव्हा त्यांनी मांडीवरचं गीतांचं पुस्तक मिटलं आणि वर न बघता म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझी प्रार्थना बंद पडलीय. सात-आठ महिने झाले. गुडघे टेकते, डोळे मिटते, आणि आत काहीच नसतं. मी देवाला सोडलं, की देवाने मला?"

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मी फार जणांकडून ऐकलाय. कुणी म्हणतं, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना अक्षरं नुसती डोळ्यांखालून जातात. कुणाला गीत गाताना आपण खोटं बोलतोय असं वाटतं. चिंता मात्र एकच असते: माझा विश्वास संपला का? म्हणून ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने इथे सांगतोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचे पती तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. मेंदूत रक्तस्राव झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. मुलगा शिक्षणासाठी लांब. घरात दोघंच.

पहिल्या भेटीत मी चूक केली, आणि ती सांगायलाच हवी, कारण बरेच पाळक आणि बरेच प्रेमळ नातेवाईक हीच चूक करतात. मी ताईंना वेळापत्रक दिलं. सकाळी अर्धा तास लवकर उठा, एक अध्याय वाचा, प्रार्थनेचे विषय वहीत लिहून ठेवा. त्यांनी मान डोलावली. दोन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. चौदा तारखा एकाखाली एक लिहिलेल्या. पहिल्या चार तारखांपुढे बरोबरची खूण, पुढच्या दहा कोऱ्या. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ताई म्हणाल्या, "हे बघा, हेही जमलं नाही." माझ्याकडे येण्याआधी त्यांच्याकडे एक ओझं होतं. आता दोन झाली होती, आणि दुसरं मी दिलं होतं.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. खरं तर आधीच जायला हवं होतं.

ताई पतीचा हात स्वच्छ करत होत्या. पक्षाघातानंतर हाताची मूठ हळूहळू घट्ट मिटत जाते. तळव्यात घाम साचतो, नखं रुततात, कातडी ओली राहून सोलवटते. त्यामुळे मूठ रोज उघडून पुसावी लागते. मला वाटलं होतं, बोटं धरून सरळ ओढायची. ताईंनी दाखवलं, "ओढलं की आणखी आवळते. आधी मनगट आत वाकवायचं. मग बोटं आपोआप सैल पडतात." त्यांनी मनगट हलकेच आत वळवलं, अंगठा बाजूला घेतला आणि मग एकेक बोट सोडवलं. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं बोटांच्या बेचक्यांतून फिरवलं, कोरडं केलं आणि तळव्यात मऊ कापडाची गुंडाळी ठेवली. हे सगळं होईपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही. त्यांचे पती मात्र सगळा वेळ ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मग आम्ही बोलायला बसलो. तिसऱ्या की चौथ्या वाक्याला ताईंचे डोळे मिटले आणि त्या खुर्चीतच झोपी गेल्या. मी उठवलं नाही. पाऊण तास बसून राहिलो. मधे एकदा त्यांच्या पतींनी डाव्या हाताने खूण केली, मी त्यांना पाणी पाजलं. बाकी वेळ पिशवीतलं पवित्र शास्त्र काढून 1 राजे, अध्याय 19 वाचत होतो.

एलीया संदेष्टा तिथे रानात एका झुडपाखाली पडलाय आणि देवाकडे मरण मागतोय. आता पुरे, माझा प्राण घे, असं त्याचं मागणं आहे. या अध्यायावर मी कितीदा तरी उपदेश केला असेन, आणि दर वेळी त्यातल्या देवाच्या शांत, मंद वाणीकडे धाव घेतली. त्या दुपारी पहिल्यांदाच नीट दिसलं की ती वाणी फार पुढे येते. आधी देवदूत येतो, एलीयाला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा जेवायला उठवतो, कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नाही. मग चाळीस दिवस आणि चाळीस रात्रींची चाल, मग होरेब डोंगर, आणि मग कुठे देवाशी बोलणं. "तुझा विश्वास कुठे गेला?" असं एलीयाला कुणीच विचारत नाही.

तीन वर्षं एकही रात्र सलग न झोपलेल्या बाईला मी अर्धा तास लवकर उठायला सांगितलं होतं.

पुढच्या भेटीत मी प्रार्थनेचा विषय बाजूला ठेवला. झोप किती, भूक कशी, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमतं का, हे विचारलं. हे मी प्रत्येकालाच विचारतो. मन सतत उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस जवळजवळ रोज चालू असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, त्याला डॉक्टर लागतात. त्याला आत्मिक कोरडेपणा म्हणून नुसती प्रार्थना करत बसणं माणसाच्या जिवावर बेतू शकतं. मी ताईंना सरळच विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. ताई म्हणाल्या, "मरावं असं नाही वाटत. पण सकाळी उठूच नये असं वाटतं." त्या आठवड्यात त्या डॉक्टरांना भेटल्या. माझ्याकडे येणंही चालू राहिलं. विश्वासू माणसाने मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास, असं मानणारे लोक आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समाजात, आहेत. त्यांना मी हात जोडून सांगतो, पाय मोडला की आपण प्लास्टर घालतोच ना.

याच भेटीत ताईंनी तोपर्यंत मनात दाबून ठेवलेली गोष्ट सांगितली. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने घरी येऊन प्रार्थना केली होती आणि निघताना म्हटलं होतं, "विश्वासाने मागितलं असतंत, तर एव्हाना ते उठून चालले असते."

मला राग आला, आणि तो राग योग्य होता असं मला आजही वाटतं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. 2 करिंथ, अध्याय 12 मध्ये तो स्वतःच हे लिहितो. गेथशेमाने बागेत प्रभु येशूने तीनदा प्रार्थना केली, आणि दुःखाचा प्याला, म्हणजे वधस्तंभावरचं मरण, टळला नाही. मागितलेलं न मिळणं हा कमी विश्वासाचा पुरावा असेल, तर या दोघांबद्दल काय म्हणणार? ताईंना मी हे विचारलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.

मग मी त्यांना स्तोत्र 88 वाचून दाखवलं. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे, पण बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात. स्तोत्र 13 चारदा "कोठवर?" असं विचारतं, तरी सहाव्या ओवीला गाण्यापर्यंत पोचतं. 88 वळत नाही. रात्रंदिवस हाक मारणारा माणूस शेवटी अंधारातच आहे, आणि स्तोत्र तिथेच संपतं. ताईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, शेवटची ओवी स्वतः पुन्हा वाचली आणि विचारलं, "हे शास्त्रात आहे? हे चालतं?"

चालतं. ज्यांनी स्तोत्रं जमवली त्यांना हे गाळता आलं असतं, पण त्यांनी ते ठेवलं. आणि त्या माणसाची तक्रार देवाबद्दल असली तरी तो ती करतोय देवाकडेच. "मी देवाला सोडलं, की देवाने मला?" हा ताईंचा प्रश्नही उपासनामंदिरात, देवासमोर बसून विचारलेला होता. आत काहीच उरलेलं नसलेला माणूस सगळे गेल्यावर मागच्या बाकावर थांबत नाही.

मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. तेवढी वर्षं त्या रोज उठून आजाऱ्यांजवळ जात राहिल्या. हे मी ताईंना सांगितलं, पण एक गोष्ट मुद्दाम टाळली. "तुमची सेवा हीच प्रार्थना" असं म्हटलं नाही. दमलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवलं की त्याची तक्रार करायची सोयही जाते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स यांचं उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं. भांडी घासता घासता ते देवाच्या सहवासात राहत. त्यांना स्वयंपाकघराचा मुळात तिटकारा होता, आणि पहिली दहा वर्षं फार क्लेशात गेली असं त्यांनीच सांगून ठेवलंय, हे मात्र कुणी सांगत नाही.

खरा फरक मार्क, अध्याय 2 मधल्या गोष्टीने पडला. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं बाजेवर घालून आणतात. गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. उचलून आणणाऱ्यांचा. बाजेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही. ताईंनी ही गोष्ट पतीसाठी शेकडो वेळा वाचली होती आणि दर वेळी स्वतःला त्या चौघांत धरलं होतं. मी म्हटलं, "ताई, सध्या बाजेवर तुम्हीही आहात. थोडे दिवस आम्हाला उचलू द्या."

हे नुसतं बोलून भागत नाही. मंडळीतले चौघं निवडले, दोन पुरुष आणि दोन बाया. आमच्या पाळकीणबाई त्यांतल्या एक. कूस कशी बदलायची, मूठ कशी उघडायची, हे ताईंनीच त्यांना शिकवलं. आठवड्यात तीन दुपारी कुणीतरी दोन-दोन तास येणार आणि ताई आतल्या खोलीत दार लावून झोपणार, असं ठरलं. पहिल्या दोन आठवड्यांत ताई झोपल्या नाहीत, दाराशी कान लावून बसायच्या. मग झोपू लागल्या. मुलानेही सुट्टीत येऊन रात्रीची पाळी घ्यायला सुरुवात केली, कारण आईने त्याला पहिल्यांदाच "मला जमत नाही" असं सांगितलं होतं.

प्रार्थनेबद्दल मी त्यांना एवढंच म्हटलं की प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत "मी" हा शब्द कुठेच नाही. आमचा पिता, आमची भाकर, आमची पापं. ज्या दिवशी तुम्हाला बोलवत नाही, त्या दिवशी इतरांच्या "आमच्या"मध्ये तुम्ही असताच. वही बंद करून टाका. वाटलं तर एखादंच वाक्य म्हणा, नाही वाटलं तर नका म्हणू.

सहा-सात महिन्यांनी मी पुन्हा त्यांच्या घरी होतो. औषधं चालू होती, चेहऱ्यावर थोडा तजेला आला होता. पतीच्या प्रकृतीत काही फरक नव्हता. ताईंनी मनगट आत वळवलं, अंगठा बाजूला घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळी गुडघे टेकून अजून काही होत नाही, पाळकसाहेब. पण हे करताना होतं." मग प्रत्येक बोटाला एक वाक्य, असं त्यांनी करून दाखवलं. अंगठ्याला "हे आमच्या स्वर्गातील पित्या". तर्जनी सोडवताना "तुझे नाव पवित्र मानले जावो". मधल्या बोटाला "तुझे राज्य येवो". अनामिका उघडली, बेचकीतून फडकं फिरवलं, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. मग करंगळी. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे."

मी म्हटलं, "एक वाक्य राहिलं."

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो," ताई म्हणाल्या. "ते अजून येत नाही. रविवारी तुम्ही सगळे म्हणता ना, तेव्हा मी ऐकते."

त्यांनी तळवा कोरडा केला आणि गुंडाळी ठेवून मूठ मिटू दिली.